फूल देवाचं, वास कुणाचा?

चोरी करणं वाईट, हे आपल्याला लहानपणीच शिकवलं जातं. पण या नियमाला तीन अपवाद आहेत आणि ते कुणी न शिकवताच सगळ्यांना येतात. पुस्तक, छत्री आणि फूल. पुस्तक नेणारा 'वाचायला' नेतो, छत्री नेणारा 'चुकून' नेतो आणि फूल नेणारा 'देवासाठी' नेतो. यातल्या पहिल्या दोघांना निदान आपण समोर दिसलो की रस्ता बदलावासा वाटतो. तिसऱ्याला तेवढीही गरज पडत नाही. आपल्या कुंपणावर निम्म्याहून अधिक वाकलेल्या अवस्थेत तो आपल्यालाच विचारतो, "आज लवकर उठलात वाटतं?" आणि आपण आपल्याच अंगणात, आपल्याच बनियनमध्ये, काही तरी गैर करताना सापडल्यासारखे आत जातो.

जास्वंद, तगर, कण्हेर यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ही झाडं वृत्तीनंच सार्वजनिक आहेत. कितीही तोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा धर्मादाय दवाखान्यासारखी उघडी. माझा प्रश्न गावठी गुलाबाचा आहे. रोज तीन, फार तर पाच फुलं देणारं हे एकच झाड माझ्या दारात आहे आणि त्याच्यापायी मी नीतिशास्त्रात इतका खोल गेलो की, आमच्या सौ.ला वाटलं मी निवृत्तीनंतर कीर्तन सुरू करणार.

गुलाब लावायला जळगाव हे काही शहाण्यानं निवडावं असं गाव नाही. आमच्याकडे केळी होते, कापूस होतो, आणि उन्हाळा तर विचारूच नका. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जाऊन बसतो. दुपारी बारानंतर रस्त्यावर फक्त रिक्षावाले आणि लग्नपत्रिका वाटणारे दिसतात. नळ एक दिवसाआड. अशा गावात रोपवाटिकेतून हौसेनं आणलेले गुलाब म्हणजे माहेरी फार लाडात वाढलेल्या सुना. पहिली दोन वर्षं बशीएवढी फुलं देतात, तिसऱ्या उन्हाळ्यात गोणपाटाची सावली करा, मुळाशी पालापाचोळा घाला, बादलीतलं अर्ध आंघोळीचं पाणी वाचवून घाला, ते आपले वरून खाली काळे पडत जातात. मग पहिल्या पावसात बुंध्यापासून, जिथं माळ्यानं डोळा भरलेला असतो त्याच्याही खालून, एक रांगडा फुटवा येतो. माळी म्हणतो, रानटी आहे, कापून टाका.

हा 'रानटी' कोण, याची चौकशी केली तर मोठी गंमत आहे. आपल्या देशात डोळे भरायला खालचं खोड म्हणून जे गुलाब वापरतात, त्यात एडवर्ड नावाचा एक आहे. ज्याला आपण गावठी गुलाब म्हणतो त्या गोतावळ्यातलंच हे एक घराणं. म्हणजे वरच्या मजल्यावर राजकन्या राहते आणि तळघरात जो अण्णा पाणी शेंदतो, ओझी उचलतो, उन्हं सोसतो, तो खरा सुगंधी. राजकन्या गेली की त्याला फुलायची संधी मिळते, तर आपण कात्री घेऊन धावतो.

शिवाय तो 'गावठी' तरी कुठं आहे! हिंदी महासागरात रीयुनियन नावाचं फ्रेंचांचं बेट आहे. एके काळी त्याला बूर्बों म्हणत. तिथले शेतकरी कुंपणाला गुलाब लावत. त्यातला चिनी गुलाब आणि दमास्कसचा गुलाब यांचं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कधी तरी, पत्रिका न बघता आणि कुणालाही न विचारता, जमलं. त्या कुंपणावरच्या लग्नातून हा एडवर्ड आणि पुढं बूर्बों गुलाबांचं सगळं खानदान निघालं. बाप सिरियाच्या नावाचा, आई चीनची, जन्म फ्रेंच बेटावरचा, नाव साहेबाचं, आणि आपण त्याला म्हणतो गावठी! ज्याला आपण 'आपला' म्हणतो तो बहुधा फक्त आधी आलेला पाहुणा असतो. पण हे मी आमच्या गल्लीत बोलत नाही. निवडणुका कधीही लागतात.

माझं झाड मात्र रोपवाटिकेतून आलेलं नाही. ते धुळ्याहून आलं. आणि ज्या अर्थी मी या लेखात चोरीबद्दल बोलतो आहे त्या अर्थी ते कसं आलं हेही सांगायला हवं. माझी आत्या धुळ्याला राहायची. धुळ्याची जुनी पेठ ब्रिग्ज नावाच्या इंग्रज कॅप्टननं आखली. म्हणून तिथल्या गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना नावांऐवजी नंबर आहेत. माणसं आपापल्या परीनं वळणं घेतात. आत्याच्या मागल्या अंगणात हा गुलाब होता. सकाळी आठच्या आत दार उघडलं तर सबंध घराला कुणी तरी गुलाबपाण्यानं पुसून काढल्यासारखं वाटायचं. आत्या जो येईल त्याला वास घेऊ द्यायची, फूलही द्यायची, पण फांदी मागितली की तिचा चेहरा बंद दुकानासारखा व्हायचा. "वास दिला तर कमी होत नाही," ती म्हणायची, "फांदी दिली तर होतो." हे वनस्पतिशास्त्राला मान्य नाही, पण आत्यालाही वनस्पतिशास्त्र मान्य नव्हतं.

१९७८ च्या पावसाळ्यात माझ्या आईनं, आत्या देवपूजेला बसली असताना, पेन्सिलीएवढ्या जाडीची एक वीतभर काडी तोडली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि जेवणाच्या डब्यात पोळ्यांच्या वरच्या पुडात ठेवली. धुळे ते जळगाव म्हणजे एसटीनं नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा आईनं खाली उतरून स्टँडवरच्या माठातलं पाणी त्या रुमालावर शिंपडलं. बस सुटायच्या घाईत मुलांना पाणी पाजायचं राहिलं हे मला अजून आठवतं. काडी लागली. चोरलेलं रोप हटकून लागतं असं म्हणतात, आणि त्यात दैवी काही नाही. विकत आणलेल्या रोपाला आपण पाणी घालतो. चोरून आणलेल्या रोपाकडे आपण दिवसातून चार वेळा बघतो.

आता यात एक तत्त्वज्ञानाचा मुद्दा आहे. बी पेरलं तर झाडाचं मूल होतं. काडी लावली तर मूल होत नाही, तेच झाड होतं. आत्या जाऊन वीस वर्षं झाली. ते घर विकलं गेलं, तिथं आता खाली गाड्या आणि वर माणसं ठेवायची इमारत आहे. ते अंगण नाही, पण ते झाड आहे. त्याची मुलगी नव्हे, नात नव्हे, तेच. आमच्या जिल्ह्यातल्या अमळनेरला प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं आणि पुढं तिथं मोठमोठ्या पंडितांनी अद्वैताचा काथ्याकूट केला. साने गुरुजीही तिथं काही काळ शिकायला होते. एकच वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी कशी असू शकते हे समजून घेण्यासाठी माझ्या आईला मात्र ओला रुमाल पुरला.

वासाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण भांडण त्याचंच आहे. हल्ली दुकानात मिळणारा लांब दांड्याचा गुलाब नाकाशी धरा. फ्रीजचा वास येईल. माणसानं गेल्या शंभर-दीडशे वर्षांत गुलाबाला मोठा केला, टिकाऊ केला, नाना रंगांचा केला, आणि या गडबडीत अनेक जातींचा वास कुठं सांडला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. २०१५ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी वासाचा आणि बिनवासाचा असे दोन गुलाब शेजारी ठेवून तपासले, तेव्हा त्यांना पाकळ्यांत एक एन्झाइम सापडलं. ते कामाला असेल तर जेरॅनिऑल नावाचं सुगंधी द्रव्य तयार होतं, रजेवर असेल तर होत नाही. म्हणजे दुकानातला गुलाब अगदीच खोटा नाही. त्याच्या कचेरीतला एक कारकून जागेवर नाही, एवढंच.

आणि वास ही वस्तू किती थोडी असते! एक किलो गुलाबतेल काढायला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, आणि त्याही ऊन चढायच्या आत तोडलेल्या. गुलाबाचं अत्तर नूरजहानच्या आईनं शोधलं असं जहांगीर बादशहानं आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलंय. गरम गुलाबपाणी ताटांत ओतलं, तर वर तवंग आला. तो या बाईनं गोळा केला. त्याचा थेंबभर तळहाताला लावला की सगळी बैठक दरवळून जाई. बादशहानं खूष होऊन तिला मोत्यांचा कंठा दिला आणि अत्तराला नाव मिळालं ते मात्र इत्र-ए-जहांगिरी. सासूनं शोध लावावा आणि नाव जावयाचं व्हावं! यावर आमच्या सौ.नं जे मत दिलं ते इथं देत नाही.

तर या झाडाची फुलं २०२१ च्या नवरात्रापासून नाहीशी होऊ लागली.

रात्री झोपताना मी कळ्या मोजायचो. उद्या चार उमलणार. सकाळी सहाला बघावं तर चार देठ, तेही कसे, नखानं अलगद खुडलेले. पोरांचं काम नव्हे. पोरं फांदी ओरबाडतात. हे सराईत, सुसंस्कृत, देवभोळं काम होतं. तीन दिवस मी पहाटे साडेचारला उठून व्हरांड्यात अंधारात बसलो. चौथ्या दिवशी दूधवाल्यानं मला बघितलं आणि "काय करी रायनात भाऊ?" असं इतक्या काळजीनं विचारलं की, मला वाटलं, आता हा घरी निरोप देणार. "गुलाब बघतोय" म्हटल्यावर तर त्यानं दुधाचं माप जरा जास्तच घातलं.

पाचव्या दिवशी चोर सापडला. म्हणजे सापडल्या. शेजारच्या काकू. वय सत्तरच्या आसपास, अंगावर स्वेटर, हातात परडी नाही, नुसता स्टीलचा झाकणाचा डबा. मला बघून त्या दचकल्या, आणि मग ते अमर शब्द उच्चारले, "देवासाठी हो, भाऊ."

आता यावर काय बोलणार? "देवाला सांगा, स्वतःचं झाड लाव," असं म्हणायचं धैर्य माझ्यात नाही. शेजारी चाळीस वर्षांचा. माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात याच काकूंनी रात्री जागवलेल्या. मी म्हटलं, "घ्या ना, घ्या," आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. पण डोक्यात किडा वळवळतच राहिला. चोरी ती चोरी, मग ती देवासाठी का असेना, की देवासाठी असली की ती चोरीच नव्हे?

आमच्या ओळखीचे एक निवृत्त संस्कृतचे मास्तर आहेत, त्यांना विचारलं. त्यांना इतका आनंद झाला की, पंधरा वर्षांत कुणी काही विचारलेलं नसावं. त्यांनी थेट गौतमाचं धर्मसूत्र काढलं. गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि वेलींची-झाडांची फुलं माणसानं आपलीच समजून घ्यावीत, असं त्यात स्पष्ट आहे. फळं मात्र कुंपण नसेल तरच. मी विचारलं, "म्हणजे माझ्या कुंपणाचा उपयोग फक्त पेरूपुरता?" मास्तर म्हणाले, "गौतमाच्या मते, हो." ऋषी असले तरी व्यवहार बघा. फळ पोटात जातं म्हणून तिथं कुंपण ओळखायचं, फूल कुठं जातं? तरीही मला वाटतं, गौतमऋषींच्या आश्रमात गावठी गुलाब नसावा. कळ्या मोजून झोपणाऱ्या माणसानं असं सूत्र लिहिलं नसतं.

मग मी गीतेकडे वळलो. त्याला कारण धुळंच. विनोबांनी गीतेवरची प्रवचनं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. नवव्या अध्यायात भगवंत सांगतात की भक्तीनं दिलेलं पान, फूल, फळ, पाणी, काहीही चालेल. किती साधा देव! पण पान कुणाचं, फूल कुणाचं, याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलेलं नाही. बहुधा भगवंतांना वाटलं असेल, एवढं तर यांना कळत असेल.

सगळ्यात कडक निघाले बौद्ध. जातकांत एक गोष्ट आहे. एक तपस्वी तळ्याकाठी उभा राहून कमळाचा वास घेतो. तोडत नाही, हात लावत नाही, नुसता वास. तर तिथली देवता त्याला म्हणते, हे तुला कुणी दिलं नव्हतं, तू वासाचा चोर आहेस. एवढ्यात दुसरा एक माणूस येतो, तळ्यात उतरतो, कमळं कंदांसकट उपटतो. देवता गप्प. तपस्वी विचारतो, बाई, याला का बोलत नाहीस? ती म्हणते, त्याचा कपडा आधीच मळका, त्यावर आणखी एक डाग कुठं दिसायला? तुझा स्वच्छ आहे, त्यावर केसाएवढा डाग ढगाएवढा दिसतो. ही गोष्ट वाचल्यापासून रस्त्यावरून जाताना लोकांच्या बागेशेजारी मी श्वास जरा बेतानं घेतो. आणि मला त्या काकूंचं दचकणं आठवलं. सराईत फूल-चोर कधी दचकत नाहीत. ते "आज लवकर उठलात वाटतं" म्हणतात. काकूंच्या कपड्यावर केसाएवढं काही तरी होतं.

ते काय, हे काकांकडून कळलं.

काका म्हणजे आमच्या भागातले भरिताचे अखेरचे न्यायमूर्ती. थंडी पडली की आमच्याकडे शेतावर भरीत-पार्ट्या निघतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आता भौगोलिक मानांकनही आहे, पण काकांचं मानांकन त्याहून अवघड. वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवरच भाजलेली हवीत. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत त्यांनी फाटकातूनच ओळखावं आणि जेवायला न येता "तब्येत बरी नाही" म्हणून सायकल वळवावी. कांद्याची पात किती, मिरच्या ठेचल्यात की वाटल्यात, हे ते जिभेच्या आधी नाकानं सांगायचे. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत काका-काकू दोघंही आजारी पडले. दोघंही वाचले. काकांचं नाक तेवढं वाचलं नाही. ताप गेला, खोकला गेला, वास गेला तो परत आलाच नाही. कांदा आणि सफरचंद त्यांना सारखंच लागायला लागलं. सुरुवातीला त्यांनी त्याची थट्टा केली, "आता सासुरवाडीलाही सुखानं जेवीन" वगैरे. मग थट्टा बंद झाली. मग बोलणंही कमी झालं. एकदा काकू देवळात गेलेल्या, काका स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेले, आणि त्यांच्यापासून दोन हातांवर दुधाचा कोळसा झाला. धूर शेजारच्यांनी, म्हणजे आम्ही, बघितला. काकांनी वर पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पाय घसरून पडलेला माणूस ओशाळतो, तसं काही तरी, पण त्याहून जास्त.

तर दिवाळीनंतर एकदा फाटकाशी उभे राहून ते म्हणाले, "मी काय गणपती आहे का हो? रोज सकाळ-संध्याकाळ नाकाशी काय काय धरते ही. लवंग धरते, लिंबू धरते, निलगिरीचं तेल धरते, गुलाब धरते. डॉक्टरनं सांगितलंय म्हणे. बाजारातून रोज महागाचे गुलाब आणते, वर त्यांचा वास येतोय का म्हणून विचारते. मला ना लवंग कळत, ना गुलाब."

घरात येऊन शोधलं तर ते खरं निघालं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या हुमेल नावाच्या डॉक्टरांनी २००९ साली, वास गेलेल्या माणसांना रोज दोनदा चार ठरावीक वास द्यायचे आणि असं बारा आठवडे करायचं, हा प्रयोग केला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. करोनानंतर हा व्यायाम जगभर पसरला. नाकाची तालीमच ती. त्यासाठी तेलाच्या बाटल्या मिळतात. पण काकूंचा बाटलीतल्या गुलाबावर विश्वास नव्हता. "तो उदबत्तीचा," असं त्यांनी सौ.ला मागंच कधी तरी, दुसऱ्याच संदर्भात म्हणून ठेवलं होतं. दुकानातल्या गुलाबाची तर कचेरीच बंद. उरलं आमचं झाड. ऊन चढायच्या आत तोडलेलं फूल, झाकणाच्या डब्यात, वास उडू नये म्हणून. नूरजहानच्या आईनं तरी याहून वेगळं काय केलं असतं?

म्हणजे एका फुलाच्या मागं दोन थापा होत्या. आम्हाला सांगायचं देवासाठी, काकांना सांगायचं बाजारातलं. का, हेही कळण्यासारखं होतं. काका आयुष्यात कुणाकडे हात पसरून काही मागणाऱ्यातले नाहीत. शेजारच्या झाडाच्या फुलावर आपलं नाक परत मिळवायचं, हे कळलं असतं तर त्यांनी ते नाकाशी येऊच दिलं नसतं. आणि काकूंनी आमच्याकडे मागितलं असतं तर सगळ्या गल्लीला कारण सांगावं लागलं असतं. देवाचं नाव सांगितलं की कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही, हा देवाचा फार मोठा उपयोग आहे.

मी पुन्हा मास्तरांकडे गेलो नाही. गौतमाच्या यादीत गाय आहे, अग्नी आहे. नवऱ्याचं नाक नाही, हे मला माहीत होतं. कायद्याच्या अक्षराप्रमाणे काकू आता दोषी ठरत होत्या. देवासाठी नेत होत्या तोवर सुटल्या असत्या! आणि वासाच्या चोराची ती देवता काय म्हणाली असती? ज्याला वासच येत नाही तो कसला वास चोरणार?

पण खरा पेच वेगळाच होता, आणि त्यावरून आमच्या घरात आठवडाभर वाद झाला. माझं म्हणणं असं की, आता आपल्याला कळलंय, तर सरळ रोज सकाळी दोन फुलं डब्यात घालून नेऊन द्यावीत. सत्तरीच्या बाईनं थंडीत पहाटे अंधारात चोरट्यासारखं का यावं? दान करायचं ते उघडपणे करावं. सौ. म्हणाली, "तुम्ही फूल द्याल आणि त्यांच्याकडून काय काय घ्याल त्याचा हिशेब केलाय का? त्यांना वाटतं आपण काही तरी मिळवतोय. पहाटे उठून, थंडी सोसून, नवऱ्यासाठी मिळवून आणतोय. तुम्ही नेऊन दिलंत की त्या घेणाऱ्या होतील. रोज घेणाऱ्या. आणि मग काकांना कळेल." मी म्हटलं, "म्हणजे देण्यापेक्षा चोरू देणं बरं?" ती म्हणाली, "काही वेळा." मी तिला तत्त्वज्ञान मंदिराचा पत्ता देणार होतो, पण तिचं म्हणणं खोडून काढणारा मुद्दा मला आठवडाभरात सुचला नाही, अजूनही सुचलेला नाही. देणारा मोठा दिसतो, हे दानातलं एक फार जुनं व्यंग आहे. आणि आपण मोठे दिसावं म्हणूनच मला ती फुलं डब्यात घालून न्यायची नव्हती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पण हात किती वेळ ठेवायचा हा प्रश्न उरतो.

मग आम्ही चोरीची सोय केली. फाटकाची कडी करकरायची, तिला सौ.नं खोबरेल लावलं. व्हरांड्यातला दिवा मी रात्री बंद करू लागलो, नंतर वाटलं अंधारात काकू अडखळतील, म्हणून लावू लागलो, नंतर वाटलं उजेडात त्यांना संकोच वाटेल, म्हणून कमी उजेडाचा आणला. दसऱ्यानंतरची छाटणी मी त्या वर्षी नेहमीपेक्षा निगुतीनं केली होती, शेणखत घातलं होतं. त्यामुळे डिसेंबरात झाड असं लागलं की बघत राहावं. खालच्या फांद्यांवरच्या कळ्या मी मुद्दाम ठेवायचो, वाकता येईल तेवढ्या उंचीवर. आणि पहाटे पाचला फाटकाशी जरा खुट्ट झालं की आम्ही दोघं आपापल्या अंथरुणात डोळे मिटून, खरे झोपलेले लोक घेतात त्यापेक्षा मोठा श्वास घेत पडून राहायचो. घरफोडीला इतकं सहकार्य करणारं कुटुंब पोलिसांच्या दप्तरी नसेल.

बारा आठवडे झाले. काही नाही. संक्रांत आली. काकूंचा चेहरा उतरत चालला होता, पण डबा येत होता. मीही मनातून ते सोडून दिलं होतं. सगळ्यांचंच परत येतं असं नाही.

संक्रांतीनंतर आठेक दिवसांनी भर सकाळी काकू भिंतीवरून सौ.ला म्हणाल्या, "अहो वहिनी, यांना वास आला!"

"अगं बाई! कसला?"

"रबर जळल्याचा!" काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. "तोंड फिरवलं त्यांनी. म्हणाले, काढ ते, टायर जळल्यासारखं घाण येतंय!"

आनंदाची बातमी इतक्या विचित्र शब्दांत मी कधी ऐकली नव्हती. डॉक्टरांना विचारल्यावर कळलं की असं होतं. नाकाच्या नसा पुन्हा वाढू लागल्या की पहिल्यांदा तारा उलटसुलट जोडल्या जातात, चांगल्या वासाचे घाण वास होतात. चाळ्याचं लक्षण नव्हे, सुधारणेचं असू शकतं. घरात कुणी तरी आहे आणि आतून कडी काढायचा प्रयत्न करतंय, एवढं तरी कळतं.

त्याच संध्याकाळी काका स्वतः आमच्याकडे आले. बऱ्याच महिन्यांनी आले. खुर्चीवर बसले नाहीत, उभ्याउभ्याच म्हणाले, "तुमच्याकडे तो धुळ्याचा गावठी गुलाब आहे ना, त्यातलं एखादं फूल द्या हो. मी कधी काही मागत नाही, पण ही बाजारातून जे आणते ना, त्याला रबराचा वास येतो."

काकू त्यांच्या मागं उभ्या होत्या. त्या तुळशीकडे बघत होत्या. सौ. माझ्याकडे बघत होती. मी बाहेर जाऊन खालच्या फांदीवर त्या दिवशी चुकून राहिलेलं एक फूल खुडलं आणि काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी धरलं. डोळे मिटले. भरिताची परीक्षा करताना मिटायचे तसेच. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"याला," मग ते म्हणाले, "जरा कमी येतो."